घराण्यात आहे का कुणाला?

सदाशिव पेठेत 36 पैकी 28 गुण जुळले, तरी एक चौकशी मागच्या दाराने होतेच: ‘त्यांच्याकडे डोक्याचं काही नाही ना?’ मुलीच्या सख्ख्या काकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय पाठ न सोडणारा मानसिक आजार, आहे असं कळलं की स्थळ फिरतं. निरोप मात्र ‘पत्रिका जमत नाही’ असाच येतो.

हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. काकाला असेल तर पुतणीचा धोका शंभरात दोन ते चार, आणि तिच्या मुलांपर्यंत येताना तो आणखी विरतो. एवढ्यासाठी चांगलं स्थळ सोडायचं?

‘80 टक्के आनुवंशिक’ हे वाचून लोक हबकतात. पण हा आकडा कुणा एकाचा धोका सांगत नाही. समाजात काहींना आजार होतो, बाकीच्यांना होत नाही. या फरकाचा किती भाग जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरीही एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला तो होत नाही.

आणि ‘वेडाचं जनुक’ असं एकच काही नसतं. 2022च्या मोठ्या अभ्यासात डीएनएवरच्या 287 जागा या आजाराशी निगडित सापडल्या. बहुतेकींचा वाटा चिमूटभर, आणि त्यातल्या काही तुमच्याआमच्यातही असणारच. सी4 हे जनुक मात्र थांबून बघण्यासारखं. ते खरं तर प्रतिकारशक्तीचं. वयात येताना मेंदू पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या छाटतो. सी4ची काही रूपं जास्त काम करतात, त्यामुळे ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं 2016मधलं संशोधन सुचवतं. आजार बहुधा विशीच्या आगेमागेच का सुरू होतो, याचा धागा इथे असू शकेल.

उरलेलं काम परिस्थिती करते, आणि ते गर्भापासून सुरू होतं. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. बाळंतपणातली गुंतागुंत, लहानपणीचे आघात यांनीही धोका वाढतो.

आणि गांजा. कोवळ्या वयात, रोज, कडक माल ओढला तर धोका कितीतरी वाढतो. पुण्यातल्या हॉस्टेलांत शिकायला आलेली पोरं नेमकी याच वयाची. पोरगा झोपेना, मित्र तोडू लागला, खोलीतले आपल्याविरुद्ध कट करतात म्हणू लागला, की घरचे आधी ‘बाहेरचं’ बघायला जातात आणि महिने वाया जातात. उपचारांना जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड.