व्होल्टेज-करंटवरून रोध आणि पॉवर काढणं

वायर, कॉइल, बल्ब असल्या वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज आणि तिच्यातून जाणारा करंट मोजून तिचा रोध (करंटला होणारी अडवणूक) आणि ती ओढत असलेली पॉवर काढायची रीत. व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, गुणलं की वॅट. बाकीची सूत्रं यातूनच निघतात, शाळेच्या पुस्तकात आहेतच.

भागाकाराचा नियम जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या मास्तराच्या नावानं चालतो. त्याचे प्रयोग १८२५-२६ च्या सुमाराचे, कोलोनमध्ये शिकवत असतानाचे, पुस्तक १८२७ चं. सुरुवातीला त्याच्याकडं व्होल्टाच्या बॅटऱ्या होत्या, त्यांचं व्होल्टेज चालता चालताच उतरायचं, त्यामुळं पहिल्या लेखात जे लॉगरिदमचं सूत्र निघालं ते टिकलं नाही; मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्यानं तांबं आणि बिस्मथचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात, तेव्हा कुठं आकडे जागेवर राहिले. पण त्याच्याही आधी, बहुधा १७८१ च्या आसपास, हेन्री कॅव्हेंडिशनं मिठाच्या पाण्याच्या नळ्यांमधून लेडन जार (वीज साठवायची बरणी) सोडून अंगाला झटका केवढा बसतो यावरून जवळपास हेच ताडलं होतं (कुणी करून बघू नये). त्यानं ते छापलं नाही, मॅक्सवेलनं ते कागद १८७९ ला बाहेर काढले. म्हणून काही अभ्यासक पहिला मान कॅव्हेंडिशला देतात. पण उपकरणानं मोजून, छापून चारचौघांपुढं ठेवलं ते ओहमनंच, त्यामुळं नाव त्याचं राहिलं ते बरोबरच म्हणायचं. करंटच्या वर्गानं उष्णता वाढते हे जूलनं १८४० च्या सुमारास दाखवलं, आणि वॅट हे नाव सीमेन्सनं १८८२ ला सुचवलं.

पाणी तापवायच्या १००० वॅटच्या हीटरवर हे गणित चोख बसतं. २३० व्होल्टला ४.३५ अँपिअर, म्हणजे रोध ५३ ओहमच्या आतबाहेर, आणि संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आलं की तोच हीटर ६१० वॅटच्या आसपासच देतो, पाणी तापता तापत नाही. पिवळ्या बल्बचं मात्र तसं नाही, थंड असताना त्याचा रोध पेटलेल्याच्या दहाव्या भागाजवळ असतो.

मराठवाड्यात हे गणित फसतं ते विहिरीवरच्या मोटारीपाशी. रब्बीला एकाच डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्यांच्या मोटारी चालू, व्होल्टेज पडलेलं, आणि माणूस म्हणतो, "व्होल्टेज कमी तर करंट बी कमीच की." उलट होतं. ५ एचपीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टला साधारण ७ अँपिअर ओढते, व्होल्टेज ३३०-३४० ला आलं की पंपाचा भार तोच असल्यानं करंट ८-९ कडं सरकतो, वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) उष्णता करंटच्या वर्गानं वाढते आणि करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले नुसता बांधून ठेवलेला असला तर मोटार जळू शकते. तिचं वाइंडिंग मीटरनं तपासलं तर काही ओहमच दिसतात, पण फिरती मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, तेव्हा नुसता भागाकार कामाचा नाही. पॉवर काढतानाही थ्री फेज असल्यानं १.७३ नं, आणि पॉवर फॅक्टरनं (ओढलेल्यापैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) गुणावं लागतं.

डीपीपासून विहिरीपर्यंतच्या केबलला मात्र ओहमचा नियम सरळ लागतो. १० स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियम केबल ३०० मीटर ओढली तर एका तारेचा रोध ०.८४ ओहम, ७.५ अँपिअरला तिन्ही तारांत मिळून १४२ वॅट वाटेतच जिरतात, आणि १० च्या जागी ५ स्क्वेअर एमएमची केबल घेतली तर दुप्पट.