चार पंचमांतून एक गांधार : जुनं पोलिश संगीत कोणत्या वाद्यावर वाजवावं?

पोलंडमधल्या क्राश्निकच्या मठात लुब्लिनचा यान नावाचा एक धर्मगुरू होता. १५३७ ते १५४८ या अकरा वर्षांत त्याची एक जाडजूड वही भरत गेली. बांधणीवर त्याचं नाव आणि १५४० हे साल. आत दोनशेहून अधिक रचना आहेत : उपासनेत ऑर्गनवर (भात्याच्या हवेनं नळ्या वाजवणारं चर्चमधलं वाद्य) वाजवायच्या, परदेशी गाण्यांवरून बेतलेल्या आणि मधूनच चक्क नाचाच्या. एका नाचाचं नाव ‘जोडे शिवणारा चालला रस्त्यानं’ अशा अर्थाचं. काही रचनांवर ‘एन. सी.’ एवढीच अक्षरं. ती क्राकूफच्या मिकोवाय (लॅटिनमध्ये निकोलाउस क्राकोविएन्सिस) या संगीतकाराची मानतात.

ही वही आज क्राकूफमध्ये आहे. तिच्यात वरचा आवाज स्वरलिपीत आणि खालचे आवाज अक्षरांत लिहिलेत. म्हणजे पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं संगीत, हे उघड. पण नाचांच्या तुकड्यांसाठी त्या पट्ट्या ऑर्गनच्या, क्लॅव्हिकॉर्डच्या की व्हर्जिनलच्या (ही दोन्ही तारांची छोटी वाद्यं), हे वाजवणाऱ्यानंच ठरवायचं. आधुनिक पियानो घेतला तर काय बिघडतं? माझ्या मते बरंच काही, आणि सगळ्यात आधी बिघडतो तो गांधार.

तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार ऐकू येतो. हा स्वयंभू गांधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. पियानोचा आणि आपल्या पेटीचा गांधार यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). आकडा किरकोळ वाटतो, पण पांढरी एक आणि पांढरी तीन मधल्या सप्तकात एकत्र दाबून धरा. एका स्वराचा पाचवा आणि दुसऱ्याचा चौथा उपस्वर (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा वरचा सूर) जवळजवळ एकाच जागी येतात आणि सेकंदाला सुमारे दहा विस्पंद, म्हणजे आवाजाची कमी-जास्त होणारी थरथर, उठतात. पियानोवर स्वर विरत जातो, म्हणून ही थरथर फारशी जाणवत नाही. ऑर्गनमध्ये मात्र भाता हवा देत असेतो स्वर हलत नाही, आणि धरून ठेवलेल्या सुरांत थरथर लपत नाही.

ऑर्गन जुळवणाऱ्यांपुढचा पेच सरगमीत सहज सांगता येतो. शुद्ध पंचमांनी चालत जा : सा, प, रे, ध, ग. चार पंचमांनंतर मिळणारा गांधार, सप्तक उतरवल्यावर, ८१:६४ भरतो. शुद्ध गांधार हवा ८०:६४, म्हणजेच ५:४. हे ८१:८० इतकं अंतर कुठेतरी मुरवावं लागतं. सोळाव्या शतकातल्या युरोपात रुजलेल्या एका पद्धतीत ते चारही पंचमांत वाटून दिलं जाई : प्रत्येक पंचम साधारण साडेपाच सेंट उतरवायचा आणि गांधार निखळ ठेवायचा. पंचमाचा थोडा त्याग, गांधारासाठी.

याची किंमत दुसऱ्या टोकाला द्यावी लागते. काळी चार आणि तिच्यावरची काळी दोन यांच्यात जो पंचम उरतो तो शुद्ध पंचमापेक्षा जवळजवळ ३६ सेंट मोठा. युरोपात त्याला ‘लांडगा’ म्हणत, आणि तो खरोखरच विव्हळतो. काळी चारला षड्ज मानलं तर गांधार ४१ सेंट चढतो. क्राश्निकच्या वहीतल्या रचना बहुतेक या बाजूला फिरकत नाहीत. मुक्काम करतात तो जिथे गांधार विसावलेला असतो तिथे. पियानोवर सगळ्या जागा सारख्याच किंचित बेसूर असल्यानं हा प्रवास आणि हा विसावा कानाला कळतच नाही.

त्या काळच्या वाद्यांतली आणखी एक युक्ती मला फार आवडते. खर्जातल्या काळ्या पट्ट्यांची गरज क्वचित पडे आणि त्यांच्या लांबलचक नळ्यांना धातू मात्र भरपूर लागे. म्हणून खालचं सप्तक आखूड करत : सर्वांत खालची पट्टी दिसायला पांढरी तीन, पण वाजायची पांढरी एक. तिच्या वरच्या दोन काळ्या पट्ट्यांवर पांढरी दोन आणि पांढरी तीन बसवलेल्या. त्यामुळे आजच्या पट्ट्यांवर जिथे डावा हात ताणावा लागतो, तिथे त्या वाद्यावर तो आरामात पोचतो.

नाचांसाठी मी स्वतः व्हर्जिनल निवडेन. पिसाच्या दांडीनं तार छेडली जाते, आघात टोकदार येतो आणि पावलांचा ठेका स्पष्ट होतो. क्लॅव्हिकॉर्डचा स्वभाव वेगळा. त्यात पितळी पट्टी तारेला टेकते आणि टेकूनच राहते. तार कुठून कंप पावणार हे तीच ठरवते. बोट जास्त दाबलं तर तार ताणली जाऊन सूर चढतो. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत पोचणार नाही, पण एकट्यानं बसून रियाज करायला याहून जवळचं वाद्य नाही.

वॉर्सात १८७९ मध्ये जन्मलेल्या वांडा लांडोव्स्का यांनी व्हर्जिनलसारखाच तार छेडणारा, पण मोठा हार्पसिकॉर्ड पुन्हा मैफलीत आणला आणि जुन्या पोलिश रचनाही वाजवल्या. त्यांचं ऋण मोठंच आहे. पण त्यांच्यासाठी पॅरिसच्या प्लेयेल कंपनीनं बनवलेलं वाद्य जड, धातूच्या चौकटीचं, पियानोच्या घडणीतलं होतं. जुन्या वाद्यांच्या पातळ लाकडी खोक्याचा चटकन उमटणारा आवाज त्यातून येत नाही.

जुनं काय उरलं आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. क्राकूफच्या पवित्र आत्म्याच्या मठाची १५४८ ची अशीच वही दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. तिची छायाचित्रं तेवढी राहिली. ऑर्गनच्या बाबतीत नशीब जरा बरं. चांदी आणि शिशाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या ओल्कुश गावच्या चर्चमध्ये न्यूरेंबर्गच्या हान्स हुमेल यांनी १६११ मध्ये सुरू केलेला ऑर्गन आजही वाजतो. तो यानच्या वहीनंतर दोन पिढ्यांनी आला, तरी आजच्या पियानोपेक्षा तिच्या कितीतरी जवळचा. त्या चर्चच्या उंच छताखाली एखादा शेवटचा सूर धरून ठेवला, की गांधार वेगळा ऐकू येत नाही. षड्जातच विरघळून जातो.