पेशीचे क्षारसंतुलन

पेशीच्या आतील क्षार व पाणी यांचे प्रमाण बाहेरील द्रवापेक्षा वेगळे आणि जवळजवळ कायम राखणाऱ्या क्रियांना एकत्रितपणे पेशीचे क्षारसंतुलन असे म्हणतात. पेशीपटल, त्यात रुतलेली प्रथिने, वनस्पतिपेशींतील रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, आणि या सर्वांना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका मिळून हे काम करतात. पेशी जिवंत आहे म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत सुटसुटीत उत्तर बहुधा हेच देता येईल की, आत व बाहेर यांतला फरक तिने अजून मोडू दिलेला नाही. गोव्यात हा विषय पुस्तकाबाहेरही सहज भेटतो. मांडवी आणि जुवारी यांच्या खाड्यांत पावसाळ्यात जवळजवळ गोडे पाणी वाहते, तर उन्हाळ्यात भरतीबरोबर समुद्राचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते. त्या बदलत्या पाण्यात तिवरे व तिसऱ्या वाढतात आणि बांधाच्या अलीकडे भात पिकते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मानवी रक्तद्रवात दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) सोडियम आणि केवळ ४ ते ५ मिलिमोल पोटॅशियम असते. पेशीच्या आत हे चित्र नेमके उलटे दिसते. तेथे पोटॅशियम १४० मिलिमोलच्या आसपास आणि सोडियम १० ते १५ मिलिमोल असते. रायबोसोमवर चालणारी प्रथिननिर्मिती आणि अनेक विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे, काम पोटॅशियमवर अवलंबून असल्यामुळे सोडियम आत साचू लागले की कारभार बिघडतो. सोडियमला आत येण्याची आणि पोटॅशियमला बाहेर जाण्याची ओढ मात्र अखंड चालू असते, म्हणून हे संतुलन एकदा साधून भागत नाही. ते क्षणोक्षणी राखावे लागते.

रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या, त्या मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती होत्या. भिंत आकार देते, आत-बाहेर ठरवते ते तिच्या आतले पटल. हे पटल सुमारे ५ ते १० नॅनोमीटर जाडीचे असून फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराचे बनलेले असते. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार हा थर तेलासारखा वाहता असतो आणि प्रथिने त्यात तरंगत असतात. तेलकट थरातून आयन, म्हणजे विद्युत्‌भारित कण, जवळजवळ जाऊच शकत नाहीत. त्यांची ये-जा प्रथिनांच्या मार्गांतूनच होते. पाण्यासाठीही वेगळी वाट असते. पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये ओळखलेल्या जलमार्गी प्रथिनाच्या एका रेणूतून सेकंदाला अब्जावधी जलरेणू जातात, पण प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा आयन, अडतो. पोटॅशियमचा मार्ग याहून चोखंदळ आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही तो त्यातून सहजी जात नाही, कारण मार्गाच्या अरुंद भागातील ऑक्सिजन अणू पोटॅशियमला भोवतालच्या पाण्याइतकाच नेमका आधार देतात, आणि लहान सोडियमला तो आधार पुरत नाही. चाळणीत मोठे खाली पडावे आणि लहान वर राहावे, असा हा प्रकार आहे. ॲग्री आणि पोटॅशियम मार्गाची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पटल समजावताना गोव्यात खाजण शेतीचे उदाहरण हाताशी असते. खाडीकाठची सखल जमीन चिखलमातीच्या बांधाने खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते आणि बांधात मानस, म्हणजे दारांची मोरी, बसवलेली असते. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेरच्या बाजूला उघडतात. पटलातील आयनमार्गांशी हे साम्य चांगले जुळते, कारण तेथेही प्रवाह उतारानेच वाहतो. मात्र उपमा येथेच सोडून द्यायला हवी. मानशीला इंधन लागत नाही. भरती-ओहोटी तिचे काम करते. पेशीला तर सोडियम चढणीवर, जेथे ते आधीच जास्त आहे तेथे, ढकलून काढावे लागते, आणि तसे करणारी मानस कुठल्याही गावात नाही.

हे ढकलण्याचे काम सोडियम-पोटॅशियम पंप करतो. डेन्मार्कमधील येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातील चेतातंतूंच्या पटलात त्याचा शोध लावला. एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे विघटन सोडियम व पोटॅशियम दोन्ही हजर असले की वाढते, हे त्यांना दिसले. कुर्ल्यांचे पाय फोडून चाखणाऱ्या प्रदेशात ही गोष्ट अधिक माहीत असायला हरकत नव्हती. हा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. पेशीत अडकून पडलेली ऋणभारित प्रथिने पाणी व आयन आत ओढत असतात. प्राणिपेशीला भिंत नसल्यामुळे पंप नसता तर ती फुगून फुटली असती. पेशीचा आकार, चेतातंतूंतील विद्युत्‌दाब आणि पुढे पाहणार आहोत ते अन्नशोषण, ही सर्व या एकाच फरकावर चालतात. विश्रांत शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या पंपावर खर्च होतो.

ती ऊर्जा बहुतांशी तंतुकणिकांतून येते. तेथे अन्नातील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचेपर्यंत प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे साठवले जातात आणि परत येताना ते एका फिरत्या प्रथिनयंत्रातून वाहत एटीपी तयार करतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती बरीच वर्षे कोणी मनावर घेतली नाही. १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे इंधन तयार करण्यासाठीही पेशी पुन्हा आत-बाहेरचा फरकच वापरते. ऑक्सिजन नसेल तर हिशेब एकदम घसरतो. काजूच्या बोंडूंचा रस मडक्यात आंबत ठेवला की सालीवरून आलेले किण्व (यीस्ट) ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे फक्त दोन रेणू मिळवते; ऑक्सिजनसह हाच आकडा सुमारे तीसपर्यंत जातो. तेवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर जगण्यासाठी किण्व प्रचंड साखर संपवते आणि टाकाऊ म्हणून मद्यार्क सोडते, ज्याची पुढे भट्टीवर हुर्राक आणि फेणी होते. मद्यार्क वाढत जातो तसे किण्वाचे स्वतःचे पटल गळके होते, प्रोटॉन आत झिरपू लागतात आणि ते बाहेर काढण्यात उरलीसुरली ऊर्जाही जाते.

वनस्पतींत सोडियम-पोटॅशियम पंप नसतो. त्यांचा मुख्य पंप प्रोटॉन बाहेर काढतो आणि परतणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर इतर वाहक प्रथिने सोडियम हलवतात. त्यांच्याकडे दुसरी सोयही असते, ती म्हणजे रिक्तिका. प्रौढ वनस्पतिपेशीच्या आकारमानाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग व्यापणारी ही पिशवी कोठाराचे आणि उकिरड्याचेही काम करते. पेशीद्रव्याला जे सोसत नाही ते तीत कोंडले जाते. भिरंड, म्हणजे कोकमाचे फळ, फोडले की बोटे लालभडक होतात आणि जीभ आंबते, पण त्या फळाचे पेशीद्रव्य जवळजवळ उदासीनच असते. रंग आणि आम्ल दोन्ही रिक्तिकेत असतात आणि सुरीने पिशव्या फुटल्यावरच बाहेर येतात.

खारफुटीत या सोयींचा पुरेपूर वापर होतो. कांदळ मुळांच्या गाळणीवरच बहुतेक मीठ अडवतो. तिवरही मुळांशी पुष्कळ मीठ अडवते, पण जे आत शिरते ते पानांवरील क्षारग्रंथींतून बाहेर टाकते. मांडवीतील चोडण बेटावर, सलीम अली यांच्या नावाच्या १.७८ चौरस किलोमीटरच्या पक्षी अभयारण्यात, कोरड्या दिवसांत दुपारी तिवराचे पान उलटून उजेडात धरले तर त्यावर बारीक चकचकीत कण दिसतात. पान जिभेला लावले तर ते काय आहेत हे विचारावे लागत नाही. या ग्रंथींच्या पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात, कारण मीठ बाहेर काढणे हे महागाचे काम आहे. उरलेले मीठ रिक्तिकेत जाते आणि त्याच्या तोडीस तोड म्हणून पेशीद्रव्यात ग्लायसिन बीटेन हा निरुपद्रवी पदार्थ साठवला जातो. तो पाणी धरून ठेवतो, पण विकरांच्या वाटेला जात नाही.

भाताला हे सर्व इतक्या कौशल्याने जमत नाही. खाजणात पिकणारा कोरगुट हा उंच वाढणारा स्थानिक भात क्षार सोसतो, तरी शेतकरी पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेल्यावरच पेरणी करतात. पोक्कळी आणि नोना बोकरा या क्षारसहिष्णू भातांच्या अभ्यासातून असे दिसले की, मुळांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम वाटेतच काढून घेणारे एक वाहक प्रथिन अशा भातांत अधिक कार्यक्षम असते. त्यामुळे मीठ पानांपर्यंत कमी पोचते आणि पोटॅशियमचे प्रमाण टिकते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ या जाती काढल्या. बांधाला भगदाड पडून भरतीचे पाणी शेतात साचले तर मात्र कोणत्याच भाताची मात्रा चालत नाही. प्रथम मुळांभोवतालच्या खारटपणामुळे पाणी ओढता येत नाही, म्हणून भर पाण्यात रोप सुकते; नंतर सोडियम पानांत साचून टोकांपासून करपा सुरू होतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मिठागरे आहेत. गोव्यात ती पावसाळा संपल्यावर दुरुस्त होतात आणि मे महिन्यापर्यंत चालतात. पेडणे तालुक्यातील आगरवाडो या गावाच्या नावातच आगर आहे. पाणी आटून संपृक्त होत गेले की मिठागरात लालसर झाक येते. ती डुनालिएला हे एकपेशीय शैवल आणि आर्किया हे जिवाणूंसारखे दिसणारे मीठप्रिय सूक्ष्मजीव यांच्यामुळे. या दोघांनी एकाच प्रश्नाची अगदी निराळी उत्तरे काढली आहेत. डुनालिएलाला ताठर पेशीभित्तिका नसते. ती सोडियम बाहेर ठेवते आणि आत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी करते, तर पाणी पातळ झाले की तेच ग्लिसरॉल पुन्हा स्टार्चमध्ये बदलते. आर्किया पोटॅशियम क्लोराइड आतच भरून घेतात आणि त्यांची प्रथिने एवढ्या मिठातच नीट घडी धरतात. हा दुसरा मार्ग स्वस्त असला तरी परतीचा नाही: गोड्या पाण्यात यांतील अनेक जातींची पेशी विरघळल्यासारखी फुटते. खाडीतील तिसऱ्यांचे वागणे मधले म्हणता येईल. पहिल्या पुराबरोबर पाणी अचानक गोडे झाले की त्या शिंपले मिटून घेतात आणि पेशींतील मुक्त ॲमिनो आम्ले कमी करत नव्या पाण्याशी जुळवून घेतात.

मानवी आतड्यात मिठाच्या उताराचा उपयोग अन्नासाठी होतो. आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन दोन सोडियम आयनांबरोबर ग्लुकोजचा एक रेणू आत घेते. पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप सोडियम बाहेर काढत राहतो म्हणून ही ओढ टिकते, आणि मागोमाग पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. पटकीत आतडे पाणी सोडत असतानाही हा मार्ग शाबूत राहतो, यावरच जलसंजीवनीचा उपचार उभा आहे. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांना मीठ-साखरेचे पाणी पाजून अनेकांचे प्राण वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात दर लिटरला सोडियम आणि ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. जुलाब झालेल्याला मीठ घातलेली पेज द्यावी, हे गोव्यातील घरोघरचे शहाणपण त्याच मार्गाने लागू पडते. पेजेतील स्टार्चचे आतड्यात हळूहळू ग्लुकोज होते.

पंप थांबला की पेशी कशी ढासळते, हे रक्तपेढीत सौम्य रूपात दिसते. साठवलेले रक्त २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. त्या थंडीत तांबड्या पेशींचे पंप मंदावतात आणि पिशवीतील द्रवात पोटॅशियम आठवड्यागणिक वाढत जाते. ऊतीचा रक्तपुरवठा तुटला तर हेच झपाट्याने घडते: एटीपी संपते, सोडियम व पाणी आत शिरते, पेशी फुगते, कॅल्शियमचा लोंढा येतो आणि लयकारिका या पेशीतील पिशव्यांमधली पाचक विकरे मोकाट सुटतात. पेशीने ठरवून पत्करलेला मृत्यू याहून वेगळा असतो. त्यात ती फुगत नाही, आकसते आणि तिचे तुकडे शेजारच्या पेशी गिळतात.

वनस्पतिपेशीतील हा शेवट पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी जिन्नस साठवण्याच्या, दिवसांत डोळ्यांसमोर घडतो. चेपणीसाठी बारीक कैऱ्या जाड मिठात घालून वर दगडाचे वजन ठेवतात. पहिल्या काही दिवसांत बरणीत पाणी सुटते आणि कैऱ्यांची साल सुरकुतते: तर्षणामुळे, म्हणजे पटलातून जास्त खारट बाजूकडे पाणी ओढले गेल्यामुळे, पाणी बाहेर येत असते आणि पेशीपटल भित्तिकेपासून सुटून आत आक्रसत असते. या काळात कैरी बाहेरून खारट आणि आतून आंबटच लागते, कारण शाबूत पटल मिठाला अजून आत घेत नाही. पुढे पेशी मरतात, पटले फाटतात, आणि मीठ बाठ्यापर्यंत पोचते. कैरी मुरली असे म्हणतात ते यानंतर.