‘१० टक्के कॉपी चालते’ म्हणे!

‘प्रबंधात १० टक्के कॉपी चालते’ हा मेसेज कोल्हापुरातल्या पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. गैरसमज साहजिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचोरीविषयीच्या २०१८ च्या नियमावलीत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही.

पण हे साम्य तपासणारं सॉफ्टवेअर काही चोरी ओळखत नाही, जुळणारे शब्द मोजतं. गुळावरच्या प्रबंधात ‘उसाचा रस काहिलीत आटवतात’ हे कुठंतरी जुळणारच, त्यात लबाडी कसली? उलट दुसऱ्याचा विचार शब्द बदलून, संदर्भ न देता उचलला, तर सॉफ्टवेअरचा अहवाल २ टक्केच दाखवेल. तरी ती चोरीच. संदर्भसूची, श्रेय दिलेली अवतरणं आणि योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे तर नियमानुसार मोजायचेच नसतात.

खात्री करायचीय? आकडा बाजूला ठेवा, अहवाल उघडा आणि रंगवलेली एकेक ओळ मूळ मजकुराशी ताडून बघा.