‘करो’ आणि ‘करतो’: मिस्सेतली पापकबुली आणि पापनिवेदन

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचे, चार रविवार सरत आले की वसईच्या कॅथलिक पॅरिशमध्ये हा प्रश्न हमखास निघतो: मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला छातीवर हात मारून पापं कबूल करतोच, मग नाताळाआधी फादरांसमोर एकट्याने पापं सांगून क्षमा घ्यायचा वेगळा संस्कार, पापनिवेदन, कशाला? प्रश्न रास्त आहे. कबुली दोन्हीकडे आहे आणि क्षमेचे शब्दही दोन्हीकडे आहेत. फरक क्रियापदात आहे.

मिस्सेत आपली कबुली झाली की फादर म्हणतात, देव आपल्यावर दया करो, आपल्या पापांची क्षमा करो. हे मागणं आहे, आणि ‘आपल्या’ म्हणताना फादर स्वतःलाही त्यात धरतात. पापनिवेदनात तेच फादर म्हणतात, मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो. इथे मागणं उरलेलं नाही. ख्रिस्ताच्या नावाने, एकट्या तुझ्यासाठी, त्याच क्षणी क्षमा दिली जाते. म्हणूनच मिस्सेतल्या त्या प्रार्थनेला संस्काराचं बळ नाही, असं मिस्सेच्या नियमावलीतच म्हटलं आहे.

पण म्हणून ती कबुली फुकट जाते असं नाही. घरात तोंडातून गेलेला कडू शब्द, कामातली टंगळमंगळ, शेजारणीबद्दलची कुचाळकी अशी किरकोळ पापं मनापासूनच्या पश्चात्तापाने आणि कम्युनियनने, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घेतल्याने, पुसली जातात. अशा पापांसाठी कम्युनियन टाळू नये. खूप भाविक माणसं नेमकी इथे चुकतात: रोझरीच्या जपात मन भरकटलं म्हणून ती महिनोन्‌महिने बाकावर बसून राहतात. नकळत मन भरकटणं हे पापच नव्हे. कम्युनियन हे अपुऱ्या माणसांचं अन्न आहे, आणि ते टाळून कुणी अधिक पवित्र होत नाही.

गंभीर पापाचं तसं नाही. विषय गंभीर, ते पाप आहे याची पूर्ण जाणीव आणि स्वतःच्या मर्जीने केलेली कृती, या तिन्ही गोष्टी असतील तर आधी पापनिवेदन आणि मग कम्युनियन. खोटी सही करून भावाच्या वाटणीची जमीन आपल्या नावावर केली असेल, तर मिस्सेतली कबुली पुरणार नाही. पापनिवेदनातही ती जमीन परत करायची तयारी लागते. तयारी नसेल तर पश्चात्तापच नाही, आणि मग क्षमाही लागू पडत नाही.

पापनिवेदनाची तयारी आदल्या रात्री करावी. दिवा मंद करून पंधरा मिनिटं देवाच्या दहा आज्ञा एकेक करून मनात घ्याव्यात. पापनिवेदनात आधी मागचं निवेदन कधी झालं ते सांगायचं, मग गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह. “मी वाईट वागलो” एवढ्याने भागत नाही. “दोनदा खोटी साक्ष दिली” असं सांगावं लागतं. नक्की आकडा आठवत नसेल तर अंदाज चालतो. नवऱ्याची किंवा सुनेची पापं सांगत बसू नये. प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना चर्चमधून निघण्याआधीच म्हणावी, घरी गेल्यावर राहून जाते. लाजेपोटी एखादं गंभीर पाप मुद्दाम लपवलं, तर सगळं निवेदन निष्फळ ठरतं. सांगितलेलं बाहेर फुटेल ही भीती मात्र नको: फादरांवर गुप्ततेचं बंधन आहे, त्याला अपवाद नाही.

डिसेंबरमधला सामुदायिक प्रायश्चित्तविधी गोंधळात भर घालतो. वाचन, गीतं, सर्वांनी मिळून आत्मपरीक्षण झालं की काही जण उठून घरी जातात. पण क्षमा पुढच्या रांगेत आहे, एकेकाने फादरांसमोर बसल्यावर. सर्वांना एकत्र क्षमा देण्याची मुभा मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर निकड असेल तेव्हाच. सणाची गर्दी ही निकड धरली जात नाही, हे चर्चच्या 1983 च्या धर्मविधानात, म्हणजे कायद्याच्या संहितेत, स्पष्ट लिहिलं आहे. त्यामुळे 24 तारखेची संध्याकाळ गाठू नका. गौदेतेच्या, म्हणजे गुलाबी मेणबत्तीच्या रविवारानंतरच्या आठवड्यात जा. तेव्हा शांतपणे बोलता येतं.

आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला, कम्युनियनच्या रांगेत, निवेदनात खरोखरच विसरलेलं एखादं गंभीर पाप आठवलं तर? परत फिरू नका. त्याचीही क्षमा झालेली आहे. कम्युनियन घ्या, आणि पुढच्या निवेदनात ते सांगा.