पेज कॅशे (लिनक्स)

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, फाइलींतला मजकूर रॅममध्ये ज्या साठ्यात राखून ठेवतो, त्याला पेज कॅशे म्हणतात. हा साठा पानांच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या, हिशेबाने चालतो. इंटेल व एएमडीच्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४,०९६ बाइटांचे असते.

कोणत्या फाइलचे कोणते पान रॅममध्ये कुठे आहे, याची नोंद त्या फाइलच्या आयनोडपाशी (फाइलची माहिती ठेवणाऱ्या कर्नलमधल्या नोंदीपाशी) असते. प्रोग्रॅमने ‘रीड’ मागितले की कर्नल आधी तिथे पाहतो. पान सापडले तर डिस्कपर्यंत जावेच लागत नाही. फाइल सलग वाचली जात असल्याचे दिसले, तर पुढची पाने न मागताच आणून ठेवली जातात. २००१ मधील २.४ आवृत्तीपूर्वी डिस्कचे ब्लॉक राखणारा बफर कॅशे वेगळा होता आणि लिहिला जाणारा तोच मजकूर दोन्हीकडे जागा अडवत असे.

रॅमचा वापर दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडमध्ये मोकळी रॅम जवळजवळ संपलेली पाहून नवखे प्रशासक दचकतात. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना, कारण कॅशेतली न बदललेली पाने गरज पडताच टाकून देता येतात. ‘सफाई’ म्हणून दर तासाला कॅशे रिकामा करणारी स्क्रिप्ट यंत्र उलट मंदच करते.

खरी गुंतागुंत लिहिण्यात आहे. ‘राइट’ यशस्वी झाले म्हणजे मजकूर साधारणतः कॅशेत पोचला, एवढेच. बदललेले पान ‘डर्टी’ ठरते. मूळ सेटिंगनुसार कर्नल दर ५ सेकंदांनी अशी पाने तपासतो आणि ३० सेकंदांहून जुनी डिस्ककडे धाडतो. मध्येच वीज गेली तर ती पाने गेली. म्हणून डेटाबेस कर्नलला ‘एफसिंक’ ही आज्ञा देऊन मजकूर डिस्कवर उतरल्याची खात्री मागतात.

तीही पुरी नव्हती, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांच्या ध्यानात आले. डिस्कवर लिहिणे फसले की कर्नल चूक एकदा कळवी, पण पान मात्र ‘स्वच्छ’ धरी. परत केलेले एफसिंक मग बिनदिक्कत यशस्वी होई. कर्नलवाल्यांची बाजूही खोटी नव्हती: उपटून काढलेल्या पेनड्राइव्हची पाने डर्टी म्हणून किती काळ सांभाळायची? २०१९ पासून पोस्टग्रेसक्यूएल एफसिंक फसताच स्वतःहून कोसळतो आणि आपल्या लॉगवरून (बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदीवरून) माहिती पुन्हा उभी करतो.