पार्श्वभूमी: अमेरिकेत इंग्रजी माइल्ड आणि बिटर इतक्या दुर्मीळ का

महाराष्ट्रात बिअर शॉपीत ‘माइल्ड’ मागितली की ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली थंडगार लागर हातात येते. त्याच्या वरची, ८ टक्क्यांपर्यंतची, ती ‘स्ट्राँग’. हा अर्थ राज्य उत्पादन शुल्काच्या वर्गवारीतून रूढ झाला आहे. इंग्लंडातली माइल्ड ही निराळीच वस्तू. ती एल आहे, म्हणजे वर तरंगणाऱ्या यीस्टने साधारण १८ ते २२ अंशांना आंबवलेली. अल्कोहोल ३ ते ३.८ टक्के, रंग बहुधा गडद तपकिरी, कडवटपणा बेताचा, चवीला भाजलेल्या पावाची आणि किंचित जळत्या साखरेची आठवण. तिची जोडीदार ‘ऑर्डिनरी बिटर’. ताकद जवळपास तेवढीच, पण रंग तांब्यासारखा आणि हॉप्स या सुगंधी फुलांचा कडवटपणा जास्त.

अमेरिकेत आज ९ हजारांहून अधिक ब्रुअरी आहेत. तरी या दोन एल शोधायला अख्खं शहर पालथं घालावं लागतं. अमेरिकन जिभेला जहाल चव लागते, असं कारण सहसा सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते थोडं. खरी मुळं कराच्या आकारणीत आणि पबच्या तळघरात आहेत.

इंग्लंडात माइल्ड पूर्वी हलकी नव्हती. ‘माइल्ड’ म्हणजे ताजी, न मुरवलेली. महिनोन्‌महिने मुरवलेल्या आंबूस एलच्या विरुद्ध अर्थाने हा शब्द वापरत. एकोणिसाव्या शतकातली साधी माइल्डही आजच्या मोजमापाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास भरे. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवावरचा, कर काढून तो वर्टवर, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड रसावर बसवला. १.०५७ गुरुत्वाच्या (पाण्याच्या १.०५७ पट घनतेच्या) एका बॅरलला ठरावीक रक्कम, रस पातळ तर कर कमी. ही पद्धत १९९३ पर्यंत चालली, आणि त्यानंतर आलेला करही अल्कोहोलच्या प्रमाणावरच आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी प्रमाण बॅरलवरचा कर ७ शिलिंग ९ पेन्सवरून २३ शिलिंगांवर नेला. १९२० पर्यंत तो १०० शिलिंग झाला. त्यातच धान्याची टंचाई आणि सरकारचे निर्बंध. १९१४ मध्ये ब्रिटिश बिअरचं सरासरी गुरुत्व १.०५२ च्या आसपास होतं, १९१८ अखेर ते १.०३० वर आलं. युद्धानंतर ते थोडं सावरलं, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा घसरलं. इतक्या पातळ रसातून भरदार चव काढायची कला ब्रुअरी याच काळात शिकल्या. कारखान्यातून सुटलेला कामगार एका बैठकीत तीन-चार पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडे मोठे ग्लास) पिऊन चालत घरी जाऊ शकेल, अशी ही बिअर. १९५० च्या दशकापर्यंत इंग्लंडातल्या पबमध्ये माइल्डचाच खप सर्वांत मोठा होता. पुढे लागर आणि कृत्रिम वायू भरलेल्या केग, म्हणजे धातूच्या बंद पिंपातल्या, बिअरने तिला मागे रेटलं. पिंपातली जिवंत एल टिकावी म्हणून १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली.

अमेरिकेत यातलं काहीच घडलं नाही. तिथला संघराज्याचा कर बॅरलच्या आकारावर आहे, ताकदीवर नाही. वर्षाला २० लाख बॅरलांपेक्षा कमी बनवणाऱ्या ब्रुअरीला पहिल्या ६० हजार बॅरलांवर दर बॅरल साडेतीन डॉलर पडतात. अमेरिकन बॅरल ११७ लिटरचं, म्हणजे अमेरिकन पाइंटमागे जेमतेम दीड सेंट. बिअर ३ टक्क्यांची असो की १० टक्क्यांची, रक्कम तीच. हलकी बिअर बनवून ब्रुअरीचा वाचतो तो फक्त थोडा माल्ट. टाकी, वेळ, मजूर, वीज सगळं तेवढंच लागतं. ग्राहक मात्र ‘कमी दारू’ म्हणून कमी पैसे द्यायला बघतो. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालच्या बिअरला वेगळा, कमी दर आहे. असा आधार संघराज्याच्या करात अमेरिकन ब्रुअरला मिळत नाही.

दारूबंदीचा वारसाही आड आला. १९२० ते १९३३ बंदी होती. ती पूर्ण उठण्याआधी, ७ एप्रिल १९३३ ला, वजनाने ३.२ टक्के अल्कोहोलची बिअर कायदेशीर झाली. आकारमानाने मोजलं तर हे ४ टक्के होतात. अमेरिकन जुन्या कायद्यांत वजनाचं माप आणि पाटीवर आकारमानाचं, या गोंधळात आजही लोक फसतात. पुढे काही राज्यांत हीच ‘थ्री-टू’ बिअर १८ वर्षांच्या मुलांना घेता येई. त्यामुळे कमी ताकद म्हणजे पोरांची पाणचट बिअर, हा शिक्का बसला तो बसलाच. यूटामध्ये तर नोव्हेंबर २०१९ पर्यंत किराणा दुकानात आणि नळावर ३.२ च्या वरची बिअर चालत नसे. तिथल्या वॉसॅच, यूइंटा अशा ब्रुअरींनी ४ टक्क्यांतच पेल एल आणि पोर्टर बसवल्या. अमेरिकेत हलक्या एलचं सगळ्यात सलग प्रशिक्षण या राज्यात झालं, ते कायद्याच्या धाकाने. त्याचं श्रेय यूटाला क्वचितच मिळतं.

आणखी एक अडसर फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. १९३५ च्या संघराज्य कायद्याने बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापायलाच बंदी होती. कूर्स कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ती रद्द केली. तोवर हलकी एल शोधणाऱ्याला बाटली हातात घेऊनही ती हलकी आहे की नाही, हे सहसा कळत नसे.

तरीही इंग्रजी एल तिथे पोचली, आणि अमेरिकन क्राफ्ट, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरींच्या, बिअरच्या पायातच ती आहे. जॅक मॅकऑलिफ हे अमेरिकन नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये होली लॉखला होते. तिथल्या बिअरच्या ओढीने त्यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात न्यू अल्बियन ब्रुअरी काढली. ती १९८२ मध्ये बंद पडली, पण वाट दिसली. ईशान्येत ही परंपरा जास्त घट्ट रुजली, त्याला एका माणसाचं यंत्र कारणीभूत आहे. इंग्लंडातल्या हॅम्पशरमधल्या रिंगवुड ब्रुअरीचे पीटर ऑस्टिन छोट्या ब्रुअरींसाठी सुटसुटीत संच बनवून देत: बाहेरून विटांनी मढवलेली कढई, खाली थेट ज्योत, आंबवायला उघड्या टाक्या आणि सोबत रिंगवुडचं यीस्ट. त्यांचे सहकारी ॲलन पग्जली यांनी मेन राज्यात पोर्टलंडला गीअरीज ब्रुअरी उभी करून दिली. तिची पहिली बिअर १९८६ च्या डिसेंबरात बाहेर पडली. पुढे पग्जली मेनमधल्याच शिपयार्ड ब्रुअरीचे सहसंस्थापक झाले. बाल्टिमोरच्या ऑलिव्हरसारख्या ब्रुअरीही याच घराण्यातल्या.

रिंगवुड यीस्टचा एक हट्ट आहे. ते लवकर गोळा होऊन तळाशी बसतं, आणि मागे डायअॅसिटिल नावाचं द्रव्य राहतं, ज्याला वितळलेल्या लोण्याचा वास येतो. ते शोषून घ्यायला यीस्टला ढवळून जागं ठेवावं लागतं आणि आंबणं संपल्यावर दोनएक दिवस २० अंशांच्या आसपास राहू द्यावं लागतं. घाईत टाकी थंड केली की लोणी बिअरमध्येच राहतं. न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या, अनेक ग्राहकांचा समज झाला की इंग्रजी एल अशीच लोणकट असते. दोष शैलीचा नव्हता, वाचवलेल्या दोन दिवसांचा होता.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नावांची सरमिसळ झाली. लंडनच्या फुलर्सची ‘ईएसबी’ (एक्स्ट्रा स्पेशल बिटर) ही बिटरमधली सगळ्यात वरची पायरी, पिंपात साडेपाच टक्क्यांची. अमेरिकेने बिटरमधून नेमकी तीच उचलली. सिअॅटलच्या रेडहुकने १९८७ मध्ये स्वतःची ईएसबी आणली, तिचंही प्रमाण साडेपाचच्या वर. ‘बिटर’ हा शब्द लेबलवर विकला जात नाही, या समजापायी बाकीच्यांनी त्याला ‘पेल एल’ किंवा ‘इंग्लिश एल’ केलं. गूस आयलंडची हॉंकर्स एल, साधारण ४.३ टक्क्यांची, ही शिकागोतली बिटरच. फक्त नाव तसं नाही.

२०१० च्या सुमारास ‘सेशन’ हा शब्द आला. साडेचार टक्क्यांपर्यंतची बिअर, असा त्याचा अर्थ एका अमेरिकन बिअर लेखकाने लावून धरला, आणि ‘सेशन बिअर दिवस’ म्हणून ७ एप्रिलच निवडला, ३३ सालची आठवण म्हणून. मॅसॅच्युसेट्सची नॉच ब्रुअरी २०१० पासून केवळ अशाच बिअरसाठी उभी राहिली. तिचे संस्थापक त्याआधी बॉस्टनमध्ये ट्रेमॉंट एल ही इंग्रजी धाटणीची बिटर बनवत. नॉचचा भर मात्र पुढे चेक आणि जर्मन लागरवर गेला. बाजारात ‘सेशन आयपीए’चा, म्हणजे हॉप्सने भरलेल्या इंडिया पेल एलच्या हलक्या रूपाचा, पूर आला, ४.५ ते ५ टक्के, अमेरिकन हॉप्सच्या संत्र्याच्या वासाची आणि माल्टच्या बाजूने रिकामी. म्हणून लेबलवरच्या ‘सेशन’ शब्दावरून इंग्रजी एल ओळखायला जाऊ नये. माल्ट, यीस्ट आणि हॉप्स कोणते, ते वाचावं. मॅरिस ऑटर माल्ट, गोल्डिंग्ज किंवा फगल हॉप्स आणि इंग्रजी यीस्ट यांतलं एकही नाव नसेल, तर आशा कमीच.

हलकी एल बनवताना लपायला जागा नसते. २० लिटरच्या एका सरळ माइल्डचा हिशेब असा: मॅरिस ऑटर २.८ किलो, मध्यम क्रिस्टल माल्ट २५० ग्रॅम, चॉकलेट माल्ट ८० ग्रॅम, आणि ५ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो) ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ३० ग्रॅम, तासभर उकळून. माल्टमधली ७५ टक्के साखर उतरली तर सुरुवातीचं गुरुत्व १.०३५ येतं. शेवटी ते १.०११ वर थांबलं, तर अल्कोहोल ३.१ टक्क्यांच्या जवळ.

इथे पहिली चूक मॅशच्या, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या, तापमानात होते. अमेरिकन पेल एलच्या सवयीने ६५ अंशांना मॅश केलं, की जवळजवळ सगळी साखर आंबते आणि बिअर पाणी लागते. माइल्डला ६८ ते ६९ अंश हवेत, म्हणजे न आंबणारी साखर मागे उरते. दुसरी चूक यीस्टची. अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं स्वच्छ यीस्ट ७५ ते ८० टक्के साखर खातं आणि स्वतःचा वास काहीच देत नाही. इंग्रजी यीस्ट ६५ ते ७० वर थांबतं आणि फळांचा मंद गंध सोडतं, हलक्या बिअरमध्ये निम्मी चव तिथूनच येते. तिसरी चूक माल्टमधली उरलेली साखर धुऊन काढायच्या पाण्याची. माल्ट निम्मा आणि पाणी नेहमीइतकंच ओतलं, तर शेवटचा रस १.०१० च्या खाली जातो, त्याचा पीएच ६ च्या वर चढतो, आणि टरफलांतला तुरटपणा उतरतो. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएत तो झाकला जाईल, इथे जिभेवर चिकटून राहतो.

मग वाढण्याचा प्रश्न. अमेरिकन केगमध्ये बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळवतात आणि ती ३-४ अंशांना देतात. एवढ्या थंडीत माल्ट गप्प होतो आणि वायूचा चरका तेवढा उरतो. नायट्रोजनच्या नळाने साय मऊ येते, पण चव बोथट होते. पिंपातल्या एलमध्ये वायू सव्वापटीच्याही आत असतो आणि तापमान ११ ते १३ अंश. फर्किन हे पिंप ९ इंग्रजी गॅलनचं, म्हणजे ४०.९ लिटर, पिन त्याच्या निम्मं. आत यीस्ट जिवंत असतं. ते तळाशी बसावं म्हणून आयसिंग्लास घालतात. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून ते बनतं; घोळ माशाच्या ज्या पिशवीला आपल्या किनाऱ्यावर सोन्याचा भाव येतो, त्याच जातीचा हा माल. पिंप आडवं ठेवून हलू न देता बसवायचं, वरच्या बुचात सच्छिद्र खुंटी ठोकून जादा वायू जाऊ द्यायचा, मग हापशासारख्या दांड्याच्या पंपाने तळघरातून वर ओढायचं. प्रत्येक ग्लासागणिक आत हवा शिरते, म्हणून उघडलेलं पिंप तीन दिवसांत संपलंच पाहिजे. हलक्या बिअरमध्ये अल्कोहोल आणि हॉप्स कमी, त्यामुळे ती सगळ्यात आधी आंबते किंवा पुठ्ठ्यासारखी लागते.

इंग्लंडात हे जमतं, कारण पबला तळघर असतं आणि गिऱ्हाईक रोजचं. तीन दिवसांत सत्तरेक इंग्रजी पाइंट न खपणाऱ्या अमेरिकन बारला फर्किन म्हणजे तोटा. म्हणून तिथे फर्किन सणासारखं आठवड्यातून एकदा उघडतात, काउंटरवरच ठेवून, आत कॉफी, फळं किंवा मिरच्या घालून. २२ अंशांना गेलेली ती गढूळ बिअर चाखून ‘पिंपातली एल मला आवडत नाही’ असं ठरवणं तिच्यावर अन्याय आहे.

हे सगळं नीट जमवणारी ठिकाणं म्हणजे स्वतःचा टॅपरूम, म्हणजे ब्रुअरीतच बिअर वाढायची खोली, असलेल्या, इंग्रजी एललाच वाहिलेल्या छोट्या ब्रुअरी. सिअॅटलची मशीन हाउस २०१३ पासून आणि डेन्व्हरची हॉग्सहेड २०१२ पासून याच वाटेवर उभ्या राहिल्या. पॅकबंद हवी असेल तर फिलाडेल्फियाच्या यार्ड्सची ब्रॉलर माइल्डच्या वळणाची आहे, ४.२ टक्क्यांची. इंग्लंडात ‘मे म्हणजे माइल्ड’ अशी कॅमराची जुनी मोहीम आहे. तिचं अमेरिकन रूप २०१५ मध्ये सुरू झालं, तेव्हा एरवी माइल्ड न बनवणाऱ्यांनीही एखादी टाकी भरली. आजही मे महिन्यात शोध घेतला तर हाती लागायची शक्यता अधिक.

बारमध्ये गेल्यावर विचारायचं ते एवढंच: पिंप कधी उघडलं, आणि ते कुठे ठेवलंय. काल किंवा आज उघडलंय आणि थंड खोलीत आहे, असं उत्तर आलं तर आधी अर्धा ग्लास मागावा. तो उजेडात धरला तर गडद माइल्डही गढूळ न दिसता तांबूस आणि स्वच्छ दिसायला हवी. वासाला व्हिनेगरची झाक असेल तर तसं सांगून ग्लास परत करावा. चांगला बार लगेच बदलून देतो.